हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान: पाच तास पुरतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सकाळी ७ वाजता लंडनच्या हीथ्रो विमानतळाला उतरायचं आणि त्याच दिवशी दुपारी १२ वाजता लंडनच्याच गॅटविकहून पुढचं विमान पकडायचं. तिकिटं दोन, दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळी काढलेली. सोबत सत्तरी ओलांडलेल्या आई. गुडघ्यांमुळे त्यांना फार चालवत नाही. चेक-इनच्या मोठ्या बॅगा दोन. नकाशावर हा रस्ता तासाभराचा दिसतो, म्हणजे पाच तास ऐसपैस झाले की, असं तुम्हाला वाटतंय आणि ते बरोबर आहे का हे विचारायचंय.

मी तिकिटिंगच्या कामात बरीच वर्षं आहे आणि दोन विमानतळांची तिकिटं हा माझ्याकडे वरचेवर येणारा विषय. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं नंतर. या दोन तिकिटांवर, आईंना सोबत घेऊन, पाच तासांच्या भरवशावर निघू नका. हीच विमानं, ह्याच वेळा, पण सगळं एकाच तिकिटावर असतं तर ‘चालेल, पण तयारीने जा’ म्हटलं असतं. तुम्ही एकटे, फक्त हातातल्या बॅगेवर जाणार असतात तर दोन तिकिटांवरही कदाचित हो म्हटलं असतं. पाच तास तिन्ही वेळा तेच आहेत. घोळ झाला तर तो कोणी निस्तरायचा आणि कोणाच्या पैशांनी, यात फरक आहे.

असं तिकीट हातात येतं कसं, ते आधी बघा. शोधताना आपण नुसतं ‘लंडन’ टाकतो. तिकिटांच्या यंत्रणेत लंडनला एक शहर-कोड आहे, एलओएन, आणि त्याच्या पोटात हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन, लंडन सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ येतात. टोकियोचा टीवायओ, न्यूयॉर्कचा एनवायसी, पॅरिसचा पीएआर, मिलानचा एमआयएल, हे असेच शहर-कोड. तुम्ही लंडनला पोचलात, लंडनहून निघालात, यंत्रणेच्या दृष्टीने हिशोब जुळला. त्यामुळे पैसे भरण्याआधी शहराचं नाव वाचून थांबू नका, त्याच्या शेजारची तीन अक्षरं वाचा. उतरताना एलएचआर (हीथ्रो) आणि निघताना एलजीडब्ल्यू (गॅटविक) असेल तर मधली वेळ कितीही मोठी दिसो, ते कनेक्शन नेहमीसारखं नाही.

नेहमीच्या कनेक्शनमध्ये तुम्ही एका विमानातून उतरून सुरक्षा तपासणीच्या आतल्या बाजूनेच दुसऱ्या विमानापर्यंत जाता. बॅगा मागच्या मागे जातात आणि तुम्ही त्या देशात कागदोपत्री शिरलेलेही नसता. विमानतळ बदलला की यातलं काहीच राहत नाही. इमिग्रेशनवर देशात प्रवेश घ्यायचा, बॅगा पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर पडायचं, शहराच्या एका टोकाकडून दुसरीकडे जायचं, तिथे नव्याने चेक-इन, बॅगा पुन्हा वजनावर, पुन्हा सुरक्षा तपासणी. नकाशात दिसतो तो तासाभराचा रस्ता हा या सगळ्यातला सर्वात सोपा तुकडा.

आता घड्याळ मांडू. मी नेहमी शेवटाकडून मोजतो. तिकिटावरची १२ ही विमान जागेवरून हलण्याची वेळ. गेट त्याआधी पंधरा-वीस मिनिटं बंद होतं. पण तुमच्याकडे बॅगा आहेत, त्यामुळे तुमची खरी मुदत गेटची नाही, बॅगा स्वीकारणारं काउंटर बंद होण्याची आहे. बऱ्याच कंपन्या ते एक तास आधी बंद करतात, काही त्याहून थोडं उशिरा. तुमच्या कंपनीचा आकडा तिकिटाच्या अटींमध्ये असतो, तो आजच शोधून ठेवा. एक तास धरला तर तुमची वेळ झाली ११. त्यानंतर दोन मिनिटांनी पोचलात तर विमान तिथेच उभं असेल, पण बॅगा कोणी घेणार नाही. काउंटरवर रांग असणार, म्हणून गॅटविकच्या दारात तुम्ही सव्वादहाला हवेत.

मग सुरुवातीकडून येऊ. ७ ही विमान आपल्या जागी येऊन थांबण्याची वेळ, तुम्ही बाहेर पडण्याची नाही. व्हीलचेअर घेतलीत, आणि आईंसाठी ती घ्यावी असंच मी सांगेन, तर बाकीचे प्रवासी उतरल्यावर तुमची पाळी येते. खुर्ची घेऊन येणारा माणूस दाराशी हजर असला तर साडेसात, नसला तर त्याची वाट बघायची. सकाळची ही वेळ हीथ्रोवर लांब पल्ल्याची मोठमोठी विमानं एकामागून एक उतरण्याची असते, त्यामुळे इमिग्रेशनच्या हॉलमध्ये एकदम शेकडो माणसं येतात. व्हीलचेअरसोबत असलात तर अनेकदा वेगळ्या रांगेतून नेतात, त्याचा फायदा मिळतो. सगळं नीट झालं तर सव्वाआठला शिक्का किंवा नोंद, साडेआठला बॅगांसह बाहेर. टर्मिनल २ आणि ३ च्या मधल्या सेंट्रल बस स्टेशनपर्यंत जाऊन नऊची बस मिळाली, आणि बसने सव्वा तास घेतला, तर सव्वादहाला गॅटविक.

जुळलं, नाही का? पण काय जुळलं ते बघा. प्रत्येक टप्पा चांगला गेला तेव्हा कुठे तुम्ही बरोबर हव्या त्या मिनिटाला पोचलात. हाताशी उरला तो फक्त रांगेसाठी धरलेला पाऊण तास. हीथ्रोला रनवे दोनच आहेत आणि ते जवळजवळ पूर्ण क्षमतेने चालतात. सकाळी उतरणारी विमानं शहराभोवती ठरलेल्या जागांवर घिरट्या घालत थांबवली जातात, हे तिथलं रोजचं चित्र. त्यातून अर्धा तास सहज जातो. रस्ता आहे एम-२५ चा, लंडनला वळसा घालणारा महामार्ग, आणि हीथ्रोजवळचा त्याचा भाग हा ब्रिटनमधल्या सर्वाधिक वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक. तुमची बस तिथे असणार सकाळच्या कामावर जायच्या गर्दीत. तासाभराचा रस्ता दोन तासांचा व्हायला एक अपघात पुरतो.

म्हणून माझा स्वतःचा ठोकताळा: हीथ्रो ते गॅटविक, वेगळी तिकिटं आणि चेक-इनच्या बॅगा असतील तर सात तासांच्या खाली मी हो म्हणत नाही. सोबत वयस्क माणूस किंवा लहान मूल असेल तर मधे एक रात्र. हा कुठला नियम नव्हे. कोणाला हे अति वाटेल, आणि चार तासांत आरामात पोचलेली माणसंही तुम्हाला भेटतील. ती खरंच पोचलेली असतात. पण न पोचल्यावर काय होतं हे बघूनच मी आकडा ठरवतो.

आता तिकिटाबद्दल, कारण खरा निर्णय इथे आहे. दोन्ही विमानं एका तिकिटावर असतात तेव्हा विमानतळ बदलण्यासाठीही किमान वेळ ठरलेली असते आणि त्याहून कमी वेळाचं कनेक्शन यंत्रणा सहसा बनवूच देत नाही. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या उपलब्ध विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम होतं. युरोपीय संघ आणि ब्रिटनमधले प्रवासी-हक्कांचे नियम जिथे लागू होतात तिथे, एकाच बुकिंगवर शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर भरपाईही मागता येते. त्याच नियमांत आणखी एक उपयोगी कलम आहे: विमान रद्द झाल्यावर किंवा जागा नाकारल्यावर कंपनीने तुम्हाला त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळाकडे वळवलं, तर तिथून मूळ विमानतळापर्यंत किंवा आपसांत ठरलेल्या जवळच्या ठिकाणी नेण्याचा खर्च कंपनीचा. हे अनेकांना माहीत नसतं आणि लोक खिशातून टॅक्सीचे पैसे देऊन मोकळे होतात. मात्र तुम्ही स्वतःच विमानतळ बदलणारं तिकीट घेतलं असेल, तर एका तिकिटावरही मधला बस-ट्रेनचा खर्च आणि बॅगांची ने-आण बहुतेक वेळा तुमचीच.

वेगळ्या तिकिटांवर यातलं काहीही नाही. पहिली कंपनी म्हणेल, आम्ही तुम्हाला लंडनला आणलं, उशिरा का होईना. दुसरी म्हणेल, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघींचंही कागदोपत्री बरोबर असतं. नवं तिकीट त्या दिवशीच्या भावाने तुम्हीच घ्यायचं.

यात एक जास्त वाईट गोष्ट दडलेली असते. दुसरं तिकीट जाण्यायेण्याचं असेल आणि जातानाच्या विमानाला तुम्ही न कळवता हजर राहिला नाहीत, तर पुष्कळ कंपन्या त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द करतात. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं ते असंच. जाताना विमान चुकलं, त्यांनी जागेवर दुसरी तिकिटं काढली, सुट्टी व्यवस्थित झाली, आणि परतताना काउंटरवर कळलं की त्यांच्या नावाने जागाच नाहीत. दोनदा भुर्दंड. म्हणून विमान चुकणार हे दिसताच, ते सुटायच्या आत कंपनीला फोन करा किंवा अॅपवरून कळवा आणि परतीचा भाग राखून ठेवता येतो का ते विचारा. काही कंपन्या थोडं शुल्क घेऊन पुढच्या विमानात जागाही देतात, पण तेही वेळेत मागितलं तरच.

एक तिकीट की दोन, हे कसं ओळखायचं? एकदाच पैसे भरले, एकच ईमेल आला, म्हणजे एक तिकीट असं नसतं. अनेक संकेतस्थळं दोन कंपन्यांची स्वतंत्र तिकिटं जोडून एकत्र विकतात. त्या ईमेलमध्ये दोन्ही विमानं एकाच १३ आकडी ई-तिकीट नंबराखाली आहेत का, की प्रत्येक विमानाला वेगळा बुकिंग कोड आहे, ते बघा. ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द कुठेही दिसले तर ती वेगळी तिकिटं समजा. असं जोड-तिकीट विकणारी काही संकेतस्थळं स्वतःची हमी देतात. ती हमी संकेतस्थळाची असते, विमान कंपनीची नाही, आणि तिच्या अटी विकत घेण्याआधी वाचायच्या असतात. प्रवास विम्याचंही तसंच: कनेक्शन चुकल्याची भरपाई लिहिलेली असते, पण स्वतः जोडलेल्या तिकिटांना ती लागू आहे का आणि मधे किमान किती तास हवेत, हे पॉलिसीत शोधा.

व्हिसाबद्दल मी तुम्हाला नेमकं उत्तर देऊ शकत नाही, कारण तुमच्याकडे आणि आईंकडे कुठले पासपोर्ट आहेत आणि पुढे कुठे जाताय हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण हा मुद्दा वेळेपेक्षाही आधी येतो. वेळ कमी पडली तर पैसे जातात. व्हिसा नसला तर पहिल्याच विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवरून परत पाठवतात. ब्रिटनमध्ये ज्यांना व्हिसा लागतो त्यांच्यासाठी ट्रान्झिटचे दोन प्रकार आहेत. एक विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलण्यापुरता, तो हीथ्रो ते गॅटविकसाठी चालत नाही. दुसरा इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडणाऱ्यांसाठी, त्यावर ४८ तासांपर्यंत राहता येतं. तुम्हाला तो दुसरा लागेल. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्या काही प्रवाशांना त्यातून सूट मिळते, पण सुटीच्या अटी नेमक्या आहेत आणि अंतिम निर्णय इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. ज्यांना व्हिसा लागत नाही अशा बहुतेक देशांच्या नागरिकांनाही इमिग्रेशन ओलांडायचं तर आधी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, घ्यावी लागते. युरोपातल्या शेंगेन देशांतही हाच भेद आहे: ए प्रकारचा व्हिसा विमानतळाच्या आत बसण्यापुरता, विमानतळ बदलायचा तर सी प्रकारचाच हवा. तुम्ही दोघांचे पासपोर्ट वेगळ्या देशांचे असतील तर प्रत्येकाचं वेगळं तपासा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर राष्ट्रीयत्व आणि प्रवासाचं कारण टाकलं की नेमकं काय लागतं ते कळतं. ते आज करा, बाकी सगळं नंतर.

आईंची व्हीलचेअर. ती दोनदा मागायची, दोन्ही कंपन्यांकडे, प्रवासाच्या किमान ४८ तास आधी. ब्रिटन आणि युरोपमध्ये ही मदत देण्याची जबाबदारी विमानतळाची असते आणि त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. मात्र ही मदत एका विमानतळाच्या हद्दीत असते. टर्मिनल ते टर्मिनल नेतील. हीथ्रोच्या बस स्टेशनपासून गॅटविकच्या दारापर्यंत मात्र आई तुमच्याच भरवशावर. दोन मोठ्या बॅगा तुमच्या हातात असताना त्यांना बसमध्ये चढवायचं, उतरवायचं, हे डोळ्यांसमोर आणून बघा. गॅटविकला उतरल्यावर मदत-केंद्र कुठे आहे आणि तुमचं विमान नॉर्थ टर्मिनलचं की साउथचं, हे आधीच माहीत असू द्या. दोन्ही टर्मिनलना जोडणारी छोटी गाडी काही मिनिटांत पोचवते, पण चुकीच्या टर्मिनलला बॅगा ओढत नेण्याचा त्रास तुमच्यापेक्षा त्यांना जास्त होईल.

बॅगांबद्दल दोन बारीक गोष्टी. पहिल्या विमानतळावर चेक-इन करताना काउंटरवरची व्यक्ती बॅगेच्या मुठीला जी लांब चिठ्ठी गुंडाळते, तिच्यावरची मोठी तीन अक्षरं तिथल्या तिथे वाचा. तुमच्या बाबतीत एलएचआर असायला हवं. दुसरं काही दिसलं तर बॅग पट्ट्यावरून आत जाण्याआधी विचारा. दुसरी गोष्ट: विमानात किंवा ड्युटी-फ्रीमध्ये घेतलेल्या अत्तराच्या, मद्याच्या मोठ्या बाटल्या हातातल्या पिशवीत राहिल्या तर पुढच्या सुरक्षा तपासणीत अडकू शकतात. तुमच्या बॅगा मधे हातात येणारच आहेत, तेव्हाच त्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून आत टाका. आणि दुसऱ्या कंपनीची वजनाची मर्यादा पहिलीपेक्षा कमी असू शकते, त्यामुळे दोन्हींपैकी जी कमी असेल तिच्या हिशोबाने घरूनच भरा.

बस की ट्रेन, असंही तुम्ही विचारलंय. आई आणि बॅगा यांच्यासाठी थेट बस बरी. एकदा सामान पोटात टाकलं की गॅटविकलाच उतरायचं. ट्रेनने जायचं तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाईनने हीथ्रोहून फॅरिंग्डन, आणि तिथून थेम्सलिंकची गाडी थेट गॅटविकला. एकदाच गाडी बदलायची, फॅरिंग्डनला लिफ्ट आहेत, आणि एम-२५ वर कोंडी असली की हा मार्ग फार उपयोगी पडतो. साधारण दीड तास धरा. रविवारी किंवा सरकारी सुट्टीला प्रवास असेल तर मात्र रेल्वेच्या दुरुस्तीची कामं आहेत का ते आधी बघा, तिकडे ती नेमकी याच दिवशी काढतात. टॅक्सी सर्वात सोयीची, सर्वात महाग, आणि कोंडीत बसच्याच मागे उभी.

इथवरचं एकत्र मांडतो. व्हिसा नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. व्हिसा असेल तर बघायचं ते तिकीट: एक असेल तर पाच तास चालतील, वेगळी असतील तर नाही. रस्ता कुठला, याचा क्रम त्यानंतर.

तुम्ही जाता जाता विचारलं होतं की बाकी शहरांतही असंच असतं का. सगळीकडे नाही. सोलमध्ये इंचॉन आणि गिंपो एकाच रेल्वे मार्गावर आहेत, पाऊण तासाच्या आत एकाहून दुसऱ्यावर. शांघायमध्ये पुडाँग ते होंगछाव मेट्रोने दीड तासाहून जास्त लागायचा, डिसेंबर २०२४ मध्ये खास विमानतळ जोडणारी रेल्वे सुरू झाल्यावर ते काम साधारण चाळीस मिनिटांवर आलं. टोकियोत हानेडा ते नारिता थेट गाड्या आहेत, दीड तासाच्या आसपास, आणि बसही चांगली. तिथे जपायचं ते रात्री उशिरा उतरताना, कारण नारिताला मध्यरात्रीनंतर उड्डाणांवर बंदी असते आणि गाड्याही थांबतात. पॅरिसमध्ये जून २०२४ पासून मेट्रोची १४ नंबरची लाईन ओर्ली विमानतळापर्यंत जाते, त्यामुळे शार्ल द गोल विमानतळाहून आरईआर-बी या उपनगरी रेल्वेने शातले-ले-आल स्थानक आणि तिथून ती मेट्रो, एवढंच करावं लागतं. इस्तंबूलमध्ये मुख्य विमानतळ युरोपच्या बाजूला आणि साबिहा गोकचेन आशियाच्या, मधे बॉस्फरस. रस्ता लांब आणि पुलांवरची गर्दी बेभरवशाची, त्यामुळे तिथे मी लंडनपेक्षाही जास्त वेळ मागतो.

न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी आहे आणि ती समजली की अमेरिकेचा हिशोब सुटतो. तिथे आंतरराष्ट्रीय प्रवाशाला एकाच विमानतळावर विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन आणि कस्टम्स पहिल्याच ठिकाणी करावं लागतं आणि त्यासाठी साधारणपणे बॅगाही तिथेच हातात घ्याव्या लागतात. विमानतळाच्या आत बसून राहण्याचा प्रकारच नाही. म्हणजे व्हिसाच्या बाजूने जेएफके विमानतळाहून नूअर्क विमानतळाला जाण्यात नवं काही वाढत नाही, वाढतो तो रस्ता: लाँग आयलंडवरून मॅनहॅटन ओलांडून न्यू जर्सीत.

नावावर विसंबू नका, एवढं मात्र सगळीकडे लागू. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे, आणि फ्रँकफर्ट-हान हा फ्रँकफर्टपासून शंभर किलोमीटरच्याही पलीकडे.

आता तुमच्या प्रवासाकडे. माझ्या पसंतीच्या क्रमाने सांगतो. सर्वात आधी, गॅटविकचं तिकीट बदलून हीथ्रोहूनच निघणारं काही मिळतं का बघा. शोधताना ‘लंडन’ न टाकता थेट एलएचआर टाका. बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक मिळून जो आकडा येईल, तो दोन माणसांच्या ऐनवेळच्या नव्या तिकिटांशी ताडून बघा, मग तो महाग वाटणार नाही. पहिल्या कंपनीला फोन करून पुढचा प्रवास तिच्याच तिकिटावर जोडून मिळेल का हेही विचारा. भागीदार कंपन्या असतील तर कधीकधी मिळतो.

ते जमलं नाही तर गॅटविकचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं किंवा दुपारचं करा आणि मधे एक रात्र राहा. राहायचं कुठे, यात बहुतेकांची निवड उलटी होते: थकवा असतो म्हणून हीथ्रोजवळ हॉटेल घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच एम-२५, तीच धाकधूक. तसं करू नका. उतरलात त्याच दिवशी, हातात वेळच वेळ असताना गॅटविकला जा आणि तिथे झोपा. बस चुकली तर पुढची घ्या, आईंना मधे अर्धा तास बसवा, कशाचीच घाई नाही. दुसऱ्या दिवशी हॉटेलातून टर्मिनल काही मिनिटांवर. परतीच्या प्रवासातही विमानतळ बदलायचा असेल तर हेच उलटं: रात्र हीथ्रोजवळ.

आणि काहीच बदलता येत नसेल, याच तिकिटांवर जायचंच असेल, तर नुकसान कमी करण्याची तयारी ठेवा. दुसऱ्या विमानाचं ऑनलाइन चेक-इन आधीच करून ठेवा. दोन मोठ्या बॅगांऐवजी एकच नेता आली तर तेवढी रांग, तेवढं ओझं कमी. बसचं तिकीट असं घ्या की उशीर झाल्यास नंतरची बस चालेल. गॅटविकहून त्याच दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी तुमच्या ठिकाणी जाणारी विमानं कुठली, त्यांची यादी फोनमध्ये लिहून ठेवा. गडबडीत उभ्याने शोधायला लागू नये. आणि हीथ्रोतून बॅगांसह बाहेर पडताना घड्याळ बघा. साडेनऊ वाजून गेले असतील तर १२ चं विमान मिळेल या आशेवर आईंना घाई करत धावू नका. त्यांना एका बाकावर बसवा आणि आधी गॅटविकच्या कंपनीला फोन लावा, विमान सुटायला अडीच तास असताना तुमचं बोलणं ऐकून घेणारं कोणीतरी तिकडे असतं.

दोघांचे पासपोर्ट कुठले, पुढचं ठिकाण कुठलं आणि गॅटविकचं तिकीट जाण्यायेण्याचं आहे का, एवढं कळवलंत तर व्हिसा आणि तिकीट बदलण्याबद्दल जास्त नेमकं सांगता येईल.